तीन भोकं माझी, चीर दादाची

“इंग्वायनल हर्निया आहे,” डॉक्टर म्हणाले. मी पडद्याआड कॉटवर उताणा पडलो होतो. खोकायला सांगितलं की उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ पटकन वर येत होती. इंग्वायनल म्हणजे जांघेतला. तिथे पोटाची भिंत विरळ होते आणि आतलं आतडं त्या फटीतून बाहेर येतं. औषधाने किंवा पट्ट्याने ती फट बुजत नाही. ऑपरेशनच करावं लागतं.

मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. दिवसभर गठ्ठे उचलायचे. गाठ वर्षभर होती, पण जागाच अशी की बायकोलाही सांगितलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणी असंच लपवत असेल तर त्याच्यासाठी हे लिहितोय. माझं सगळं नीट झालं. माझ्या शहाणपणामुळे दुसऱ्याचं बिघडलं, ते जास्त लक्ष देऊन वाचा.

डॉक्टरांनी दोन पद्धती सांगितल्या. पहिली लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन. पूर्ण भूल देतात, पोटावर तीन बारीक भोकं पाडतात आणि फटीवर आतून जाळी बसवतात. दुसरी ओपन. कमरेखालचा भाग बधिर करून जांघेत चार बोटं चीर देतात आणि बाहेरून जाळी शिवतात.

“जाळी दोन्हीत बसते,” डॉक्टर म्हणाले. “दुर्बिणीत दुखणं कमी, कामाला लवकर लागता येतं. ओपनला पूर्ण भूल लागतेच असं नाही. कुणाच्या शरीराला काय सोसेल ते बघून ठरवायचं.”

हे शेवटचं वाक्य मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

माझं दुर्बिणीने झालं. दुसऱ्या दिवशी घरी आलो. पोटात भरलेल्या गॅसमुळे दोन दिवस खांदा दुखला, एवढंच. दहाव्या दिवशी वळसंगजवळच्या आमच्या गावी गेलो आणि अंगणात सगळ्यांसमोर शर्ट वर केला. “तीन भोकं फक्त! मुंगी चावल्यासारखं.” हौस दांडगी.

दादा, माझा थोरला भाऊ, बासष्ट वर्षांचा. आमची मेंढरं तोच राखतो. वडील लवकर गेले, तेव्हा तो कळपामागे फिरला म्हणून मी शाळेत बसलो. संध्याकाळी त्याने मला वाड्याच्या, म्हणजे मेंढरांच्या कुंपणाच्या मागे नेलं आणि धोतर सैल केलं. डाव्या जांघेवर फडक्याची पट्टी आवळलेली, आत जुना रुपया.

“चार वरसं झाली,” तो म्हणाला. “कोकराला बांधतो तसं बांधलंय.”

आमच्याकडे कोकराची बेंबी फुगली की तिच्यावर नाणं ठेवून पट्टी बांधतात. कोकरू वाढतं तशी बेंबी आत जाते. हजार कोकरं बरी केलेल्या माणसाने स्वतःलाही तोच इलाज केला होता. “मला बी तुज्यावानी भोकाचं करून आन,” तो म्हणाला. “दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कर्नाटकाकडं जायाचं हाय.”

त्याच डॉक्टरांकडे नेलं. दादाचं प्रोस्टेटचं ऑपरेशन पूर्वी पोट उघडून झालेलं, आणि विड्यांनी छाती पिंजलेली. “यांना दुर्बीण नको,” डॉक्टर म्हणाले. “जुन्या ऑपरेशनमुळे आत चिकटलेलं असणार आणि पूर्ण भूल छातीला झेपणार नाही. ओपनच यांच्यासाठी चांगलं. या आठवड्यात करू. मग दीड-दोन महिने मेंढरामागे जायचं नाही.”

दिवाळी महिन्यावर होती. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, “तुला भोकं आनि मला चीर व्हय?”

तेव्हाच समजवायला हवं होतं. मी काय बोललो? “चिराचिरी कशाला? दुसऱ्या डॉक्टरला विचारू, कुणीतरी दुर्बिणीने करेल.” दादाचा चेहरा खुलला. मग कारखान्यात सणाच्या ऑर्डरी आल्या आणि दुसरा डॉक्टर राहूनच गेला.

तीन आठवड्यांनी दादाच्या मुलाचा फोन आला. गाठ दगडासारखी झाली होती, आत जात नव्हती, सकाळपासून ओकाऱ्या होत होत्या. दादाने पट्टी आणखी आवळली होती. गाडी सोलापुरात येईपर्यंत दुपार टळली.

“स्ट्रँग्युलेटेड हर्निया,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे आतडं फटीत अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटलेला. पोट उघडावं लागलं आणि जी पूर्ण भूल टाळायची होती तीच द्यावी लागली. हातभर आतडं काळं पडलेलं, ते कापून काढलं. जंतूंच्या भीतीने जाळीही बसवता आली नाही, नुसते टाके घातले.

नऊ दिवस तो आयसीयूत होता. मी बाहेरच्या बाकावर बसायचो. दार उघडलं की त्याचा खोकला ऐकू यायचा आणि प्रत्येक खोकल्याला टाक्यांवर ताण पडत असणार हे मला कळायचं. माझं काहीच दुखत नव्हतं, याची लाज वाटायची.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “जाळी नाही, तेव्हा हर्निया परत येऊ शकतो. मेंढरामागे फिरणं आता विसरा.”

आता कारखान्यातली माणसं मला विचारतात, दुर्बिणीचं चांगलं की ओपन? मी सांगतो, माझ्यासाठी काय चांगलं होतं ते मला विचारूच नकोस. तुझ्यासाठी काय चांगलं ते तुझा डॉक्टर सांगेल, आणि तो सांगेल ते लवकर कर. गाठ आत जाईनाशी झाली, दुखायला लागली, उलट्या झाल्या तर तासभरही थांबू नकोस. दादा जिवंत आहे, त्यासाठी मी त्या डॉक्टरांचा जन्मभर ऋणी आहे.

दिवाळीनंतर दादाचा मुलगा कळप घेऊन निघाला. दादा खाटेवर बसून बघत होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो मागे राहिला होता. शेवटची मेंढी रस्त्याला लागली. मग म्हणालो, “दादा, दुसऱ्या डॉक्टरचं मीच काढलं. माझ्यामुळं झालं हे.”

“व्हय, तूच काढलंस,” तो म्हणाला. “पर मला बी तेच ऐकायचं हुतं की.”

मग त्याने हात पुढे केला. त्याला अजून एकट्याने उठता येत नाही.