चालू न होणारे लॅपटॉप

बंद पडलेला लॅपटॉप घेऊन माणूस दुकानात आला, की तो लॅपटॉपबद्दल कमी आणि घरादाराबद्दल जास्त बोलतो. मी आणि माझा पार्टनर विलास, आम्ही वर्ध्यात आठ वर्षं रिपेअरिंगचं दुकान चालवलं. दोन हजारनंतरची ती वर्षं. ऐकायचं नाही म्हटलं तरी कानावर पडायचंच. सुटे स्क्रू डबीत ठेवता येतात, हे किस्से कुठे ठेवणार? मित्र जमले की सांगतो. ते हसतात. मला फारसं हसू येत नाही.

*

एका कॉलेजातले विभागप्रमुख आले. लॅपटॉप कोरा करकरीत, वर कुंकवाची बोटं. म्हणाले, पहिल्यापासून खराबच निघाला. विलासने पाहिलं, बॅटरी पार उतरलेली. शेवटचा कधी वापरला, तर म्हणे वापरला कुठे, आला त्या दिवशी पूजा करून कपाटात ठेवला. त्याला दोन वर्षं झाली होती. मी म्हटलं, सर, हा कॉलेजच्या पोरांसाठी आला होता ना?

"म्हूनच त कुलपात ठेवला."

विलासने चार्ज करून, सुरू करून दिला. पुढच्या दसऱ्यानंतर तोच लॅपटॉप, तीच तक्रार. कुंकू तेवढं ताजं होतं.

*

एक खत-बियाण्यांचे दुकानदार बायकोला सोबत घेऊन आले. लॅपटॉप चालू होत नव्हता. काही सांडलं का, मी विचारलं. नाही म्हणाले. उघडला तर कीबोर्डखाली चहाची साय वाळलेली. ते लगेच बायकोकडे वळले, हिनंच सांडवला असेल म्हणून.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मले त तुमी त्याले पुसूबी देत नाई."

*

सेलूच्या एका कापड व्यापाऱ्याची दोन मुलं वेगळी झाली. दुकान वाटलं, गोदाम वाटलं, भांडी वाटली. पुढच्याच आठवड्यात थोरला लॅपटॉप घेऊन आमच्याकडे. म्हणाला, धाकट्यानं मुद्दाम बिघडवून दिला. मी चार्जर मागितला.

"तो त्याच्या हिश्शात गेला ना."

मी म्हटलं, मग नवा घ्या, आत्ता सुरू होतो. तर ऐकेना. त्याच्याकडचाच पाहिजे, म्हणाला. दोन दिवसांनी धाकटा आला, हातात चार्जर. हा नीट आहे असं कागदावर लिहून द्या, म्हणाला. आम्ही लिहून दिलं. लॅपटॉप काही त्या घरात पुन्हा सुरू झाला नाही.

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

बंद पडलेले बरेच लॅपटॉप बॅटरी काढून, बटन अर्धा मिनिट दाबून ठेवलं की सुरू होतात. सुरुवातीला आम्ही गिऱ्हाइकासमोरच करायचो. तर लोक चिडायचे. एवढंच होतं त आमी घरी नसतं केलं का, म्हणायचे. मग आम्ही शिकलो. सुरू झाला तरी चार दिवस ठेवून घ्यायचा.

केळझरची एक मुलगी आली. एमएस्सीचं अख्खं प्रोजेक्ट त्यात होतं, आणि गुरुवारी नागपूरला जमा करायचं होतं. ती बसस्टँडवर पोचली नसेल, तेवढ्यात विलासने लॅपटॉप सुरू केला. तिने मंगळवारी फोन केला, बुधवारीही केला. काम चालू आहे, मी सांगितलं. का सांगितलं? सवयीने. गुरुवारी सकाळी ती दारातच उभी होती आणि आमचं दुकान उघडलं अकराला. नागपूरला पोचेपर्यंत उशीर होणार हे तिलाही दिसत होतं.

कधी सुरू झाला, तिने विचारलं. मी म्हटलं, आत्ताच सकाळी.

तिने लॅपटॉप उलटा केला. खाली विलासच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती. रेडी, सोमवार.

तिने चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली आणि गेली.

*

आंजीचे वानखेडे काका. बायको वारलेली, घरी एकटेच. मुलगा नितीन बंगलोरला नोकरीत. त्याने कुरियरने लॅपटॉप पाठवला, रोज एकमेकांचं तोंड पाहून बोलू म्हणाला. पाहायला अर्धी गल्ली जमली, आणि बटन दाबलं तर काहीच नाही. काका तो टॉवेलात गुंडाळून बसने वर्ध्याला घेऊन आले.

मी उघडला. बोर्ड जळून काळा पडलेला, हार्ड डिस्कची जागा रिकामी. काकांना चहा देऊन मी बाहेर आलो आणि नितीनला फोन लावला. तो म्हणाला, माहीत आहे, ऑफिसच्या भंगारातला आहे, बाबा फार मागे लागले होते. पार्ट मागवलाय म्हणून सांगा ना त्यांना.

मी सांगितलं. मग काका दर बाजाराला यायला लागले. पार्ट आला का? नाही काका. बरं म्हणायचे, घडीभर बसायचे, जायचे. असे सात-आठ महिने गेले.

शेवटी मलाच राहवेना. आमच्याकडे एक जुना, चालू लॅपटॉप पडून होता. विलास म्हणाला, देऊन टाक. काका आले तेव्हा तो समोर ठेवून मी बटन दाबलं. स्क्रीन उजळली. पार्ट आला काका, मी म्हटलं.

काकांनी मग हळूच झाकण मिटलं आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"राहू द्या भाऊ तुमच्यापाशीच. गावात सारे इचारतात, पोरगा काऊन बोलत नाई. मी सांगतो, मशीन बंद आहे."