दशम्या आणि न्यूयॉर्कचं विमान

त्या आजींचं नाव विचारायला माझं तोंड रिकामं नव्हतं. जत-सांगली एसटीत त्या शेजारी बसल्या होत्या, मांडीवर दशम्यांचं गाठोडं घट्ट धरून. नात मुंबईहून न्यूयॉर्कला शिकायला निघाली होती; तिला विमानात खायला दशम्या द्यायला त्या चालल्या होत्या.

"इमानाला किती येळ लागतोय वं?"

मी ऐटीत मोबाइल पाहिला. रात्री एकला सुटतं, सकाळी सातला पोचतं. "सहा तास!"

"एवढंच? मग दशम्या लय झाल्या. खावा तुमी."

मी चटणीसकट चार हाणल्यावर मागच्या सीटवरचा एक फौजी हसला. "आवं, तिथलं घड्याळ मागं असतंय. सोळा तास लागत्यात!"

आजींनी गाठोडं चाचपलं, मग माझं पोट न्याहाळलं.

"आता तुमीच जावा तिच्यासंगं. शिदोरी तुमच्या पोटात हाय."

हल्ली आकाशात विमान दिसलं, की मला उचकी लागते. उपाशी नात आठवण काढत असणार.