रोडपालीची यादी आणि माझा माफीनामा

त्या वर्षी पावसाळा सरत आला होता. मी खांदा कॉलनीतल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. डेंग्यूचे रिपोर्ट टाइप करताना एका आठवड्यात लक्षात आलं, की पॉझिटिव्ह आलेल्यांचे बहुतेक पत्ते रोडपालीच्या एकाच गल्लीतले आहेत. तिथे एका इमारतीचं काम बंद पडलं होतं आणि तळघरात पाणी साचून राहिलं होतं.

नावं, फोन नंबर काढून टाकून फक्त तारीख, इमारत आणि वय एवढंच ठेवत मी यादी केली आणि आरोग्य विभागाच्या कार्यालयात घेऊन गेले. साहेबांनी ती वरवर चाळली. म्हणाले, किटवरची झटपट टेस्ट आम्ही धरत नाही, मोठ्या लॅबमधून पक्की झालेली केसच नोंदवतो, आणि तशी तिथे एकही नाही. मग निदान ही यादी आसपासच्या दवाखान्यांना तरी पाठवा, असं मी म्हटलं. त्यांनी हसून कागद परत केला.

मी ती यादी रोडपालीच्या रहिवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. दुसऱ्याच दिवशी तिथल्या एका सोसायटीचे अध्यक्ष लॅबमध्ये येऊन बसले. इमारत बदनाम होतेय, लोकांना फ्लॅट विकायचे आहेत, तुम्हाला परवानगी कुणी दिली, असं बरंच बोलले. आमच्या डॉक्टरांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "डिलीट कर. आणि माफीचा मेसेज टाक."

मी दोन्ही केलं. 'चुकीची माहिती दिल्याबद्दल क्षमस्व' असं स्वतःच्या हाताने लिहिलं. माहिती चुकीची नव्हती. मला नोकरी टिकवायची होती.

पुढच्या पंधरवड्यात रोडपाली गावातल्या एक मावशी काउंटरवर आल्या. सुनेचे जुने रिपोर्ट हवे होते. ती चार महिन्यांची गरोदर असताना आमच्याकडेच तपासून गेली होती. कशाला हवेत, असं मी सहज विचारलं. सून गेली होती. डेंग्यूने.

मावशी रडल्या नाहीत. कागद घडी घालून पिशवीत ठेवत म्हणाल्या, "ग्रुपवर पयले वाचला तवा आमी घाबरलो. मंग तूच लिवलंस, चुकीचा हाय. म्हून ताप आला तरी चार दिवस घरीच ठेवली तिला."

डॉक्टर आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं. त्यांनी ऐकलं असणार.

हॉस्पिटलने मोठ्या लॅबमधून करून घेतलेली तिची टेस्ट पक्की धरली गेली. कार्यालयाच्या नोंदीत रोडपालीची पहिली केस चढली ती तिची. मग धुराचं मशीन आलं, तळघरातलं पाणी उपसलं गेलं. अध्यक्षांनी त्याचे फोटो ग्रुपवर टाकले आणि लोकांनी त्यांचे आभार मानले.