पडेगावच्या माळावरची भिंत

वाघिणीच्या फेऱ्या दिवसभर बघायच्या आणि तरीही डोकं ठिकाणावर ठेवायचं, अशी माझी नोकरी. ती दाराशी यायची, भिंतीला अंग घासून वळायची, की परत दाराशी. आमचं प्राणिसंग्रहालय भर शहरात, दाटीवाटीचं. बाहेर हॉर्न, आत शिट्ट्या. पब्लिक तिला ओरडून सांगायची, "ए, चल ना, चालून दाखव!" ती तर चालतच असायची. यांना काय दिसायचं, देव जाणे. तिला मांस टाकायचं, पिंजरा धुवायचा आणि संध्याकाळी घरी जाऊन मीच अंगणात येरझाऱ्या घालायचो. बायको म्हणायची, "बसा आता, तुम्हाला नाही कोंडलेलं."

नव्या प्राणिसंग्रहालयाचा नकाशा ऑफिसात लागला तेव्हा मी हरखून गेलो. वाघांना मोकळं रान, पाणवठा, पिल्लांसाठी आडोसे, आजारी जनावरांचा वेगळा दवाखाना. डॉक्टर म्हणाले, ही आता म्हातारपणाकडं झुकलीय, पण लवकर हलवली तर चार दिवस मातीवर फिरेल. मी नकाशातल्या ओढ्यावर बोट ठेवून वर वर सरकत गेलो आणि माझा चेहराच उतरला. तो आमच्या पडेगावकडचा माळ होता. माझे वडील, आबा, तिथंच मेंढरं चारत होते.

माळ सरकारी. त्यातला एक खडाही आमच्या नावावर नव्हता, पण दुसरीकडं चरायला जागाच उरली नव्हती. जिकडं बघावं तिकडं प्लॉटिंग.

घरी सांगितलं तर आबा हसायला लागले. "वाघं येणार? येऊ दे की. एक पावसाळा बसतील आन् उठतील."

त्यांचा सगळा जन्म तसाच गेलेला. आमच्यात उन्हाळ्यात शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवतात. लेंड्यांचं खत पडतं, शेतकरी धान्य देतो आणि कळप उठून पुढच्या रानात जातो. आलेला कळप उठत नाही, असं आबांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"आबा, तिथं भिंत बांधणार आहेत. दगडी."

"बांधू दे. रातच्याला मेंढरांभवती जाळी आपण बी लावतोच की. सकाळी काढतो."

देवगाव रंगारीला दिलेली माझी बहीण आणि दाजी मेंढरं विकत घ्यायला तयार होते. दाजी दोनदा येऊन गेले. आबांनी दोन्ही वेळा त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. इकडं भिंतीचा पाया खोदला जात होता. फाटक लागलं की त्या मुक्या जिवांनी जायचं कुठं? बरं, काम लवकर व्हावं म्हणून देवाला हात जोडणाराही मीच. वाघिणीचं भलं मागावं तर बापाच्या कळपावर यायचं. आबांवर चिडायचो, साहेबांवर चिडायचो, जेवणात मीठ कमी असलं तरी चिडायचो.

शेवटी आबांना प्राणिसंग्रहालयात घेऊन गेलो. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघा. हरणं, माकडं त्यांनी चालता चालता बघितली, पण वाघिणीपुढं उभे राहिले ते हलेचनात.

"हिला कवा आणलं?"

"आणली नाही, आबा. इथंच जन्मली."

"आन् हिची माय?"

"तीही इथंच. इथंच गेली."

आबांनी पटका काढून तोंड पुसलं. तिला वळताना बघत राहिले. "मंग ही उठत नाय," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. फाटकाबाहेर आल्यावर माझा दंड धरला. "लेका, हिला लवकर ने तिकडं. मी मेंढरं काढतो."

आणि काढली. पायी हाकत देवगावला नेली, दाजींच्या हवाली केली आणि एकटेच एसटीनं परत आले. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्यांच्या रिकाम्या हातांकडं बघवेना.

भिंत पुरी झाली, फाटकाला कुलूप लागलं आणि काम अडलं. कधी परवानगी, कधी टेंडर, कधी आणखी कसली परवानगी. साहेब बदलले. मी नव्या साहेबांना विचारलं, ते म्हणाले, प्रोसेसमध्ये आहे. वाघीण अजून त्याच पिंजऱ्यात आहे. आता ती वळताना मागचा पाय ओढते.

परवा सुट्टी होती. आबा मला माळावर घेऊन गेले. फाटकाच्या गजांतून आत बघितलं. गवत कमरेएवढं वाढून, पिवळं पडून जागच्या जागी आडवं झालं होतं.

"वाघीण कवा यायची?"

"माहीत नाही, आबा."

त्यांनी गजांतून हात घालून मूठभर गवत उपटलं आणि माझ्यापुढं धरलं.

"मंग तवर माझी मेंढरं तिचं काय खात व्हती?"