ब्रेक बेचं रजिस्टर

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी सैन्याच्या एका वाहन वर्कशॉपमध्ये ब्रेक बेचा, म्हणजे ब्रेक दुरुस्तीच्या कप्प्याचा, हवालदार होतो. हाताखाली सहा जवान. सकाळी साडेसातला फॉलिन, रांगेत हजेरी; आठला पहिली गाडी आत. चाकाचा ब्रेक ड्रम उघडायचा, आतली भुकटी साफ करायची, नवं लायनिंग घासून बसवायचं. ते लायनिंग ॲस्बेस्टॉसचं असे. लेखी हुकूम होता: भुकटी पाण्याने भिजवून काढा, तोंडाला मास्क लावा. संध्याकाळी रजिस्टरमध्ये तशी नोंद करायची. सही माझी.

पाण्याने एका गाडीला तास लागे. हवेच्या पाइपने दहा मिनिटं.

एके दिवशी दुपारी बाराला फोन आला. चौदा गाड्या, सोळाशेला, म्हणजे दुपारी चारला, कॉन्व्हॉय निघणार. लान्स नायक भगवान बादली भरत होता. वडूजजवळचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला.

"बादली ठेव. हवा मार," मी म्हणालो.

"मास्क, उस्ताद?"

"स्टोअरमध्ये नाहीत."

तो हसला. "ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं धुरळ्यालाच हवा म्हणत्यात."

सोळाशेच्या आत चौदाही गाड्या गेटबाहेर गेल्या. मला शाबासकी मिळाली. त्यानंतर पाणी कधी वापरलंच नाही. भगवान त्या बेमध्ये सात वर्षं होता. मी रोज लिहीत गेलो: ओली सफाई केली, मास्क वापरले.

सुभेदार म्हणून निवृत्त होऊन मी आष्ट्याला, गावी परतलो. दोन वर्षांपूर्वी भगवानचा मिरजेच्या दवाखान्यातून फोन आला. छातीत पाणी झालं होतं. आधी टीबी समजून औषधं दिली, मग तुकडा काढून तपासला. मेसोथेलिओमा. डॉक्टरांनी मला समजावलं, हा फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून आत जाऊन रुततात आणि आजार तीस-चाळीस वर्षांनी दिसतो. भगवान बिडीला दोष देत होता. बिडीने हा होत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आजार नोकरीमुळे झाला हे मान्य व्हावं म्हणून त्याने अर्ज केला. मान्य झालं असतं तर त्याला अपंगत्वाची पेन्शन आणि मागे बायकोला आधार मिळाला असता. अर्ज फेटाळला गेला. कारण दिलं होतं: रजिस्टरप्रमाणे सर्व खबरदारी घेतलेली होती. साताऱ्याच्या वकिलाने सांगितलं, त्या वेळच्या हवालदाराचं प्रतिज्ञापत्र आणा, अपील उभं राहील.

हे मला भगवानने नाही, त्याच्या बायकोने, हिराबाईंनी कळवलं. मी गेलो. तो उशीला टेकून बसला होता. दोन शब्दांमागे थांबावं लागत होतं.

"तुमचं नाव त्यात नगं, उस्ताद. म्हातारपणी तुमाला कोर्टात उभं करू व्हय मी?"

ते ऐकून मला बरं वाटलं. तेच आज लिहायचं आहे. खोटी सही कबूल केली तर माझी पेन्शन जाईल, गावात पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ मला कोण उभं करील, हे विचार माझ्या डोक्यात होते. अडीच महिने मी गप्प बसलो. भगवान गेला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. वकिलाने 'माझ्या आठवणीप्रमाणे' असे शब्द घातले होते. मी ते खोडायला लावले. अपील अजून चालू आहे.

प्रत घेऊन हिराबाईंकडे गेलो. त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं: मास्क नव्हते. पाणी न वापरण्याचा हुकूम माझा होता. रजिस्टरमधल्या सह्या खोट्या आहेत.

त्यांनी कागदावरच्या माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"आवं, ते जित्ते असताना हे का न्हाई लिवलंत?"

मी कागदाची घडी घालू लागलो.

"त्यांचं नाव हाय न्हवं त्यात? तेवढं परत वाचा."

मी सावधान उभा राहिलो. भगवानचा नंबर, रँक, नाव वाचलं.