ओताऱ्याची चाल

ओतशाळेत त्याला सगळे 'सावकाश' म्हणत. वितळलेल्या लोखंडाचं भांडं लांब दांड्यांवर तोलून भट्टीपासून साच्यांपर्यंत न्यायचं. पुढे जोडीदार बुटका, मागे हा. बावीस वर्षं मागून एकच शब्द यायचा, "सावकाश."

घरीही ती चाल सुटत नसे. बायको दारातूनच ओरडायची, "रेंगाळताय काय? रखडत रखडत आलात, आता पानावरही खुरडत या!" धाकटी लेक त्याच्यामागून डुलत नक्कल करायची. तो हसून म्हणायचा, "घाई करणाऱ्या ओताऱ्याचे पाय बघितलेस का गं कधी?"

नवा मुकादम आला तो हातात सळई घेऊनच. साचे वाढले पाहिजेत, एवढंच त्याला ठाऊक. कुणी रमतगमत दिसला की सळई पोटरीवर. आठवडाभरात 'सावकाश'च्या पोटऱ्यांवर काळेनिळे वळ उठले. तो दातओठ खात चालत राहिला. हातातलं भांडं टाकता येत नव्हतं.

त्या दुपारी भांडं काठोकाठ भरलं होतं. "पळा, रेड्यांनो!" मुकादम खेकसला आणि त्यानं बुटक्याच्या गुडघ्यामागे सळई हाणली. बुटका कोसळला. लाल लोंढा त्याच्या पावलांवर गेला, बूट भसकन पेटले. 'सावकाश'नं मागचा दांडा सोडला नाही. होता नव्हता तो जोर लावून पिळला आणि उरलेलं लोखंड दुसऱ्या अंगाला वाळूत ओतलं. नाहीतर ते बुटक्याच्या पाठीवर गेलं असतं.

दोघा कामगारांनी बुटक्याला ओढून बाजूला घेतलं. मग हा मुकादमाकडे निघाला.

"माझा काय दोष? तोच अडखळला!" मुकादम मागे सरकत म्हणाला.

'सावकाश'नं सळई हिसकावली. पहिला फटका मनगटावर, काडकन. दुसरा जबड्यावर, दात रक्तासकट वाळूत पडले. तिसऱ्याला मुकादम गुडघ्यांवर आला. चौथा उगारला तेवढ्यात बुटका किंचाळला, "पाणी!" तेव्हा कुठे सळई हातातून सुटली.

बुटक्याची दोन्ही पावलं कापावी लागली. मुकादम वाकडा जबडा घेऊन दुसऱ्या कारखान्यात गेला.

"पश्चात्ताप होतो का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"चौथा बसला असता तर झाला असता, साहेब."

चौदा महिने तुरुंगात गेले. आता तो भंगाराच्या दुकानात घणानं लोखंड फोडतो. जेवताना कधीकधी त्याची मूठ आपोआप वळते, आणि बायको लेकीला आपल्या बाजूला सरकवून घेते.