पुरणाच्या भीतीनं घेतलेली जास्तीची गोळी

“ताई, तुमच्या मिस्टरांना अटॅक आलेला नाही. त्यांच्या रक्तातली साखर एकदम तळाला गेलीय. ह्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात.”

परभणीच्या दवाखान्यातले डॉक्टर मला सांगत होते. आमच्या घरात शुगर वाढण्याचीच धास्ती होती. ती उतरते आणि उतरली की माणूस हातचा जाऊ शकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं, की मेंदूला चालायला साखर लागते. ती फार कमी झाली की आधी एकदम भूक, घाम, थरथर, मग भलतंसलतं बोलणं आणि शेवटी बेशुद्धी.

“सकाळी काय खाल्लं होतं त्यांनी?”

“काहीच नाही,” मी म्हणाले. “आज जेवायला जायचं होतं ना.”

आता हे उत्तर डॉक्टरांना काय कळणार! म्हणून आधीपासून सांगते.

आम्ही गंगाखेडला राहतो. ह्यांचं हार्डवेअरचं दुकान, माझं शिवणकाम. शुगर निघाली तेव्हा ह्यांचं वजन भरपूर होतं. डॉक्टरांनी गोळी दिली, चालायला सांगितलं, खाणं जरा आवरा म्हणाले. आमच्या माणसाला ‘जरा’ हा शब्द माहीतच नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून भाकरी बंद, भात बंद, दूध बंद. राहिलं काय, तर काकडी, उकडलेली मटकी आणि अंडी. वजन भराभरा उतरलं. ह्यांच्या पँटी कमरेत आत घेता घेता माझी सुई थकली. लोक तारीफ करायचे आणि हे फुलून यायचे.

वजन ठरवल्याइतकं झालं. मला वाटलं, सुटलो, आता चार माणसांसारखे जेवतील. पण खरी भीती तिथूनच सुरू झाली. अर्धी भाकरी ताटात वाढली तरी ह्यांचा चेहरा उतरायचा. दुकानात खिळे-तार मोजायच्या काट्यावर सकाळ-संध्याकाळ उभे राहायचे. पाव किलो वाढलं की रात्रीचं जेवण गुल. दवाखान्यात पुन्हा दाखवायला गेलेच नाहीत. वजन उतरलं, म्हणजे आजार गेला, असा हिशोब. गोळी मात्र जुन्या वजनाची होती तीच चालू.

त्यात अधिक महिना लागला. माझं माहेर पालम तालुक्यातलं. अधिकात जावयाला धोंडे खायला बोलावतात, म्हणजे पुरण भरलेले कणकेचे गोळे आणि वरून तुपाची धार. जावयानं नको म्हणायची सोय नसते. बोलावणं आल्यापासून ह्यांची झोप उडाली होती.

घरात पाय ठेवताच आई म्हणाली, “जावईबापू, लय वाळलाव की! माझी लेक जेवायला घालायली का न्हाई?”

हे हसले. पानं मांडलेली होती, पण पाथरीचे माझे मोठे मेव्हणे यायचे होते आणि त्यांची जीप वाटेत बंद पडली होती. आईचं ठाम होतं, “थोरले जावई आल्याबिगर वाढायचं न्हाई. दोघांला संगंच ओवाळायचं हाय.”

दुपार कलायला लागली. ह्यांना दरदरून घाम सुटला. मला वाटलं, उकाडा. मग ते माझ्या वडिलांना दुकानातलं गिऱ्हाईक समजून म्हणाले, “दोन इंची खिळे संपलेत, उद्या या.” सगळे हसले. जावई मस्करी करायलाय, असंच वाटलं सगळ्यांना. मीसुद्धा हसले. दुसऱ्याच क्षणी हे पाटावरून आडवे झाले.

आईनं कांदा फोडून नाकाला लावला. “काय व्हायलंय गं ह्यांला? माझ्या दारात काय झालं गं हे!” वडील साखरेचं पाणी तोंडात ओतायला निघाले, पण दात घट्ट मिटलेले होते. पुढं डॉक्टर म्हणाले, बरं झालं ओतलं नाही. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घातलं, तर ते छातीत जातं. शुद्धीत असेल तर लगेच साखर द्या, नसेल तर गाडी काढा.

भावानं गाडी काढली. पालमच्या दवाखान्यात बोट टोचून तपासलं, शिरेतून ग्लुकोज चढवलं आणि परभणीला न्या म्हणाले. त्या रस्त्यात ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी सारखी नाकापुढं हात धरून बघत होते. इतकी भ्याले होते, की देवाचं नावसुद्धा आठवेना.

परभणीत हे शुद्धीवर आले. ओळखलं मला. मी रडायला लागले तोच डॉक्टर म्हणाले, “एवढ्यात सुटले समजू नका. गोळीचा अंमल अजून अंगात आहे. साखर पुन्हा उतरू शकते.” आणि खरंच, दिवेलागणीला ती पुन्हा उतरली. परत ग्लुकोज, परत बोट टोचणं. बाहेर बाकावर आई पदर तोंडाला लावून बसली होती. धोंड्यांचा डबा तिनं का कोण जाणे बरोबर आणला होता.

डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, गोळी एकच घेतली ना? हे खाली बघत बोलले, “दोन. पुरणानं साखर वाढू नये म्हणून. आणि कालपासून पोट रिकामं ठेवलं होतं.”

डॉक्टर चिडले नाहीत, ह्याचं मला अजून नवल वाटतं. माझे तर हात शिवशिवत होते. ते म्हणाले, “वजन कमी केलंत, चांगलं केलंत. आता ते टिकवायचं, तर जेवावं लागेल. उपाशी राहून टिकत नाही.” गोळी बदलली. आहार सांगणाऱ्या मॅडमनी साधंच सांगितलं, की वेळेवर ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, दही. सणाला गोड एक, तेही जेवणासोबत. सुरुवातीला वजन थोडं वाढेल, घाबरू नका म्हणाल्या.

वाढलंच. हे काट्यावरून उतरले ते पांढरे पडून. त्या दिवशी ताटासमोर बसवायला मला तासभर लागला. भीती ह्यांचीही आहे आणि माझीही. दुपारी हे जरा डोळा लावून पडले, तरी मी हाक मारते. चिडतात, चिडू देत.

तुमच्या घरात कुणी असं वजन उतरवलं असेल, तर गोळ्या घेऊन एकदा डॉक्टरांपुढं बसा. आणि ताटावरून उठणाऱ्या माणसाची तारीफ करू नका.

परवा मी मशीनवर होते. हे दुकानातून वेळेआधी आले आणि म्हणाले, “भूक लागलीय गं.”

माझ्या हातातलं कापड गळून पडलं. साखरेचा डबा घेऊन धावले, ह्यांना खाली बसवलं, साखर तपासायचं नवं यंत्र काढून बोट टोचलं. घाईत थेंब पट्टीवर नीट पडेना. आकडा आला. चांगला होता.

“अगं, काही झालं नाही,” हे म्हणाले. “नुसती भूक लागलीय.”

डाएट सुरू झाल्यापासून हा शब्द ह्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. डोळे पुसले आणि तवा ठेवला.